म्हशीच्या डॉक्टरनं मेंदूच्या संशोधनात जावं का?

कसबाबावड्याची_आत्या

नमस्कार मंडळी. इथं प्राध्यापक, डॉक्टर, गोठेवाले सगळेच आहेत, म्हणून विचारते.

माझी भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, आता इंटर्नशिप चालू आहे. घर कागल तालुक्यात, दावणीला चार म्हशी. दादाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं म्हणणं सरळ आहे. एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो, जिल्ह्यातच नोकरी मिळाली तर घरचा डॉक्टर घरात राहील. पोरगीचं म्हणणं, तिला पोटातल्या जीवाचा मेंदू कसा घडतो आणि कुठं बिघडतो ते शिकायचंय.

हे खूळ एका रात्रीतलं. तिसऱ्या वर्षात असताना सुट्टीत आली होती. शेजारच्यांची म्हैस अडली, रेडकाचं डोकं एवढं मोठं की बाहेर येईना. डॉक्टरांनी कवटीतलं पाणी काढून मेलेलं रेडकू बाहेर घेतलं आणि म्हैस वाचवली. सगळे म्हशीकडं बघत होते, ही रेडकाच्या डोक्याकडं. "आत्या, आत मेंदू कागदासारखा पातळ होता," असं मला पहाटे तीनला सांगत होती. त्या दिवसापासून दुसरं काही बोलत नाही.

दादा विचारतो, माणसांच्या मेंदूला माणसांचे डॉक्टर आहेत, म्हशीच्या डॉक्टरचं तिथं काय काम? मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतंय का? आणि त्यात पोट भरतं का, तेही सांगा.

नाद_खुळा_७७

पोरगी लई भारी हाय. जाऊ दे तिला.

गंगावेश_कट्टा

आत्याबाई, राग मानू नका, पण मी तुमच्या दादाच्या बाजूचा.

आमची गंगावेशीत तीन पिढ्यांची धार. संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून फेसाचा ग्लास हातात द्यायचा, हा आमचा धंदा. रात्री अकराला म्हैस अडली की डॉक्टर शोधताना काय हाल होतात ते आम्हालाच ठाऊक. २०२२ ला लम्पी आला तेव्हा गावोगाव गाई पडत होत्या आणि एकेका डॉक्टरवर पंधरा-वीस गावं. सरकारी कॉलेजात साडेपाच वर्षं शिकवायचं आणि त्या पोरांनी काचेच्या खोलीत बसायचं, हे मला पटत नाही.

जाता जाता एक विचारतो. परवा आमची एक पंढरपुरी व्याली. रेडकू धडधाकट दिसतं, पण उभं राहताना चारी पाय फाकतं, मान सारखी लटलट हलते. आचळाजवळ नेलं तर तोंड भलतीकडंच जातं. बाटलीनं पाजतोय. म्हातारा म्हणतोय नजर लागली. हे काय असंल?

शिरवळ_९४

गंगावेश, आधी तुमच्या रेडकाचं. हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या तोंडात हात घालू नका. दोन-चार दिवसांच्या पिल्लाला पिसाळी (रेबीज) असण्याची शक्यता नगण्य, पण मेंदूची लक्षणं दिसणाऱ्या जनावराला उघड्या हातानं हाताळायचं नाही, हा नियम मी तीस वर्षं मोडलेला नाही. बाटली भरवताना मान फार वर धरू नका, दूध फुप्फुसात जातं. आणि एक सांगा: जन्मल्यापासून असंच आहे की दोन दिवस बरं होतं आणि मग सुरू झालं?

आता मूळ प्रश्न. तुमची तक्रार खरी आहे, मी त्याच तक्रारीच्या दुसऱ्या टोकाला नोकरी काढली. पण याच नोकरीतली एक गोष्ट मला आजही टोचते. डोक्यात पाणी झालेली, पाय आखडलेली, आंधळी, तुमच्यासारखी मान हलवणारी किती पिल्लं पाहिली याचा हिशेब नाही. हिशेब नाही म्हणजे खरंच नाही, कुठंही लिहून ठेवलेला नाही. म्हैस वाचली की आमचं काम संपायचं, आणि पिल्लू उकिरड्याच्या कडेला खड्ड्यात. एखाद्या वर्षी एकाच पट्ट्यात अशी तीन-चार पिल्लं झाली की मनात पाल चुकचुकायची. पण त्यांचा मेंदू काढून बघणारं, 'ह्या सगळ्यांत एकच गोष्ट बिघडलीय' असं सांगणारं कोणी नव्हतं. आत्याबाईंच्या भाचीसारखी एखादी जिल्ह्यात असती, तर मी दर वेळी फोन केला असता.

गंगावेश_कट्टा

जन्मल्यापासून असंच हाय डॉक्टर. वाढत पण न्हाई, कमी पण होत न्हाई.

राजारामपुरी_११वी_गल्ली

बीएस्सीला प्राणिशास्त्र होतं त्यांना आठवत असेल, प्रॅक्टिकलला '३३ तासांचा चिक एम्ब्रिओ' ही स्लाइड हमखास यायची. मी अठ्ठावीस वर्षं ती स्लाइड मुलांना दाखवली. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, पण उबवायला ठेवल्यापासून जेमतेम दीड दिवसात पुढच्या टोकाला मेंदूचे फुगे दिसायला लागतात. मुलं आकृती काढून दहा मार्क घेऊन जातात. वर्षातून एखादाच विद्यार्थी विचारतो, की ह्या नळीला कसं कळतं मेंदू कुठं करायचा आणि मणका कुठं?

असाच एक प्रश्न धरून शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंताल्चिनी जगल्या. इटलीत १९३८ ला ज्यूंविरुद्ध कायदे आले आणि विद्यापीठाची दारं बंद झाली. त्यांनी तूरीनमध्ये झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रं केली. बॉम्बहल्ले वाढल्यावर खेड्यात गेल्या आणि शेतकऱ्यांकडून अंडी गोळा करत राहिल्या. उगवणाऱ्या पायाचा कोंब काढून टाकला तर त्या पायाकडं जाणाऱ्या चेतापेशींचं काय होतं, एवढंच बघायचं होतं. पेशी तयार होतात, पण पोहोचायला ठिकाण नसल्यामुळं मरतात, हे त्यांनी ताडलं. पुढं अमेरिकेत त्यातूनच चेतापेशींना जगवणारा, वाढवणारा पदार्थ हाती लागला आणि १९८६ चं नोबेल स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर मिळालं. १०३ वर्षं जगल्या.

दादांना सांगा, मेंदू कसा वाढतो यातलं बरंच काही माणसाला कळलं ते कोंबडीच्या अंड्यातून.

आजरा_घनसाळ

हा धागा मला काल बहिणीनं पाठवला. दोनदा वाचला आणि मग लिहायला बसले. मी आत्याबाईंच्या भाचीचीच वाट चालून आलेली बाई आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

मी आजरा भागातली, घरी भात आणि दोन म्हशी. पशुवैद्यकाची पदवी परळच्या कॉलेजातून, १८८६ सालचं ते जुनं कॉलेज. एमव्हीएससीला, म्हणजे त्यापुढच्या पदवीला, शरीररचनाशास्त्र घेतलं तेव्हा वर्गातली मुलं हळहळली, कारण त्याला दवाखान्याचं वलय नाही. माझं काम होतं शेळीच्या गर्भाचा लहान मेंदू. म्हणजे कवटीच्या मागच्या बाजूला, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा असतो तो, तोल आणि हालचालींचा ताळमेळ सांभाळणारा. कत्तलखान्यातून गर्भाशयं आणायची, गर्भाची लांबी मोजून वय काढायचं, मेंदू फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, केसापेक्षा बारीक काप घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. ह्यात दोन वर्षं गेली. सुरुवातीचं वर्ष तर काप रंगच धरत नव्हते. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस पडून राहत होते. मग रंग धरणारी जागाच झाकली जाते, आणि काप विशिष्ट द्रावणात तापवून ती परत उघडावी लागते. हे सांगणारं माणूस मला उशिरा भेटलं. तुमच्या भाचीला लवकर भेटावं म्हणून आत्ताच सांगून टाकते.

पुढं पीएचडीला परदेशात गेले, मेंढ्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत. तिथं मला कळलं की पशुवैद्य असणं ही कमतरता नाही. सोबतचे सगळे जैवशास्त्रवाले, जनुकं तोंडपाठ. पण गाभण मेंढीला भूल देणं, पोट उघडून कोकराच्या डोक्यावर तारा बसवून सगळं परत आत ठेवून शिवणं, आणि दुसऱ्या दिवशी ती मेंढी दुखणं लपवतेय की खरंच बरी आहे हे तिच्या कानांवरून आणि रवंथावरून ओळखणं, हे मला येत होतं. मेंढी दुखणं फार लपवते. कळपातलं जनावर आहे, कमजोर दिसलं की मेलं.

त्या तारांमधून पोटातल्या कोकराच्या मेंदूच्या लहरी कागदावर उतरतात. मेंढीचे दिवस साधारण १५०. आधी त्या लहरी तुटक, विस्कळीत असतात. ११५-१२० दिवसांच्या आसपास त्यांत पाळी दिसायला लागते: काही वेळ मोठ्या संथ लाटा, काही वेळ बारीक जलद. म्हणजे पोटातलं कोकरू आता दोन वेगळ्या तऱ्हेनं झोपतंय. ही पाळी सुरू होताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, सोबत कोणी नव्हतं. त्या क्षणासाठी मी कुठलीही अधिकारीपदाची खुर्ची सोडली असती.

माझं मुख्य काम पांढऱ्या भागावर झालं. चेतापेशींच्या लांब धाग्यांवर मायलिनचं चरबीचं वेष्टण असतं, विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं. ते गुंडाळणाऱ्या पेशी कोवळ्या असताना प्राणवायू कमी पडला तर त्या मरतात, नाहीतर वाढायच्या थांबतात. फार आधी जन्मलेल्या माणसाच्या बाळांमध्ये हेच होतं आणि पुढं पाय आखडणं, उशिरा चालणं दिसतं. कोकराच्या मेंदूला वळ्या असतात, पांढरा भाग भरपूर असतो, म्हणून उंदरापेक्षा इथं तो जवळचा नमुना.

आता परत आले आहे, शिकवते आणि काम करते. गंगावेशकाकांना एक सांगायचंय: मी काचेच्या खोलीत कमी आणि मेंढ्यांच्या वाड्यात जास्त बसले.

आणि काका, जन्मापासून आहे, वाढत नाही, तोंड लक्ष्याच्या बाजूला जातं, पाय फाकतात. हे वाचून मला लहान मेंदूचीच आठवण येते. म्हैस चौथ्या-पाचव्या महिन्यात असताना तिला ताप, जुलाब, तोंडात फोड असं काही झालं होतं का?

पाचगाव_पायवाट

विषय गंभीर चाललाय, पण मला एक साधा प्रश्न पडलाय. रेडकू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं आणि आमचं पोरगं वर्षभर रांगत होतं. मग माणसाचा मेंदू मोठा कसा म्हणायचा?

आजरा_घनसाळ

हा साधा प्रश्न नाही दादा, यावर माणसांनी आयुष्यं घातलीत.

प्रत्येक प्राण्याच्या मेंदूला जोरात वाढण्याचा एक हंगाम असतो. जॉन डॉबिंग आणि जीन सँड्स यांनी १९७९ ला वेगवेगळ्या प्राण्यांचे हे हंगाम शेजारी शेजारी मांडून दाखवले. मेंढीचा हंगाम बराचसा पोटातच होऊन जातो, उंदराचा जन्मानंतर येतो, आणि माणसाचा जन्माच्या अलीकडं-पलीकडं पसरतो. रेडकू दहा महिने पोटात असतं. बाहेर येईपर्यंत पायांकडं जाणाऱ्या वाटांवर मायलिन बरंच चढलेलं असतं. कुत्रीचे दिवस साधारण ६३, पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. माणसाच्या बाळाच्या मेंदूचं वजन जन्मावेळी मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण चौथा हिस्सा. उरलेलं काम आईच्या मांडीवर, पाळण्यात, अंगणात होतं.

म्हणून तर कोणता प्राणी कशासाठी निवडायचा हे ठरवताना पशुवैद्य लागतो. नवजात उंदराचा मेंदू कोणत्या टप्प्यावर आहे आणि नवजात वासराचा कोणत्या, हे ज्याला हाताला माहीत आहे तो चूक कमी करतो.

नाद_खुळा_७७

म्हणूनच दिवाळी पाडव्याला आमच्या म्हशी शिंगं रंगवून, मोरपीस लावून, बुलेटच्या मागं धावत्यात. पोटातनंच ट्रेनिंग घेऊन येत्यात! पाचगाव, पोराला पण पुढच्या पाडव्याला आण, तवर पळायला लागंल.

पाचगाव_पायवाट

पोरगं आता चौथीत आहे रे भावा. म्हशीच्या पुढं पळतं.

खासबाग_शांता

सगळं वाचलं. मला पटत नाहीय, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाभण मेंढीचं पोट उघडायचं, कोकराच्या डोक्यावर तारा लावायच्या. मांजराच्या पिल्लांचे डोळे शिवून टाकले आणि त्यावर नोबेल मिळालं, हेही वाचलंय. पशुवैद्यानं जनावराचं दुखणं कमी करायचं असतं ना? तुमची भाची रेडकाकडं बघून हळहळली म्हणून ह्या वाटेला लागली, आणि ही वाट तिला कोकरू मारायला लावणार. तिनं हे आधीच नीट ओळखून घ्यावं.

आजरा_घनसाळ

शांताताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी उत्तर देते, पण तुमचं म्हणणं खोडून काढण्यासाठी नाही.

ते काम डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल यांचं, नोबेल १९८१. पिल्लाचा एक डोळा पहिल्या काही महिन्यांत झाकलेला राहिला तर नंतर उघडूनही त्या डोळ्यानं नीट दिसत नाही, कारण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं घेतलेली असते. मोठ्या मांजराचा डोळा तेवढेच दिवस झाकला तर असं होत नाही. ह्यातूनच कळलं की जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाचं ऑपरेशन 'मोठं झाल्यावर बघू' म्हणून ठेवायचं नसतं, पहिल्या काही आठवड्यांत करायचं असतं. पवन सिन्हा यांनी आपल्याकडं 'प्रोजेक्ट प्रकाश' चालवलं. त्यात उशिरा ऑपरेशन झालेली मुलंही काही प्रमाणात बघायला शिकतात, हे दिसलं. म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही, पण उशिराची किंमत पडते.

तरीही त्या पिल्लांचं काय, हा प्रश्न उरतोच. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. मी एवढंच करू शकते: जे विनाप्राणी होईल ते तसं करायचं, कमीत कमी जनावरं घ्यायची, वेदना होऊ द्यायच्या नाहीत. रसेल आणि बर्च यांनी १९५९ ला ही तीन सूत्रं मांडली. आपल्याकडं प्रत्येक संस्थेत प्राणी-नीतिमत्ता समिती असते, तिच्या परवानगीशिवाय प्रयोग करता येत नाही. माझ्या प्रयोगशाळेत प्रयोग थांबवण्याचा अधिकार पशुवैद्याला होता आणि मी तो दोनदा वापरला. दोन्ही वेळा महिन्यांचं काम गेलं. ज्या खोलीत जनावर आहे तिथं जनावराच्या बाजूचं माणूस असलं पाहिजे, असं मला वाटतं. भाचीनं तिथं जावं याचं हेही एक कारण.

खासबाग_शांता

दोनदा थांबवलंत हे वाचून बरं वाटलं. माझं मत बदललं नाही. पण तिला सांगा, असं थांबवता आलं पाहिजे.

रात्रपाळी_नवजात

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. आजरा_घनसाळ यांनी कोकराबद्दल लिहिलं ते आमच्या रोजच्या कामात येतं.

दोन उदाहरणं. वेळेआधी बाळंतपण होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. हे न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना मेंढ्यांमध्ये दिसलं. फार आधी जन्मलेली कोकरं मरायला हवी होती, ती श्वास घेत होती. १९७२ ला त्यांनी रॉस हॉवी यांच्याबरोबर बायकांवरच्या चाचणीचे निकाल छापले. आज आमच्याकडं कितीतरी बाळं त्या इंजेक्शनमुळं घरी जातात.

दुसरं, जन्मताना गुदमरलेलं बाळ. सहा तासांच्या आत त्याचं अंग ३३.५ अंशांपर्यंत थंड करून तीन दिवस ठेवायचं, म्हणजे मेंदूची हानी कमी होते. ह्यामागंही गर्भातल्या कोकरांवरचं काम आहे, ऑकलंडच्या ॲलिस्टर गन यांचं १९९७ चं. श्रीमंत देशांत याचा फायदा सिद्ध झाला. मग भारत, श्रीलंका, बांगलादेश इथल्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर चाचणी झाली, २०२१ ला निकाल आले, आणि आपल्याकडच्या बाळांना फायदा झाला नाही. थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले.

तो निकाल वाचला त्या रात्री मी ड्यूटीवर होते. आपल्या बाळांच्या मेंदूला इजा कधी होते, जन्मतानाच की आईच्या पोटात आधीच, आईचं कुपोषण, जंतुसंसर्ग यांचा त्यात किती वाटा, हे आपल्या मातीतल्या माणसांनी शोधल्याशिवाय कळणार नाही. तिकडचं उत्तर इकडं जसंच्या तसं चाललं नाही. म्हणून मला ही पोरगी हवी आहे. तिच्याकडं गोठा आहे, आणि प्रश्न आहे.

शिरवळ_९४

वा. यालाच जोडून एक जुनी गोष्ट, गोठेवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी.

अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरात १९५० च्या दशकात मेंढपाळांना एकच डोळा असलेली कोकरं व्हायला लागली, कपाळाच्या मधोमध. सरकारी संशोधक कळपांबरोबर उन्हाळे काढत हिंडले. कारण निघालं एक रानटी झाड, कॉर्न लिली. मेंढीनं ते गाभणपणाच्या बरोबर चौदाव्या दिवशी खाल्लं तर असं होतं, त्या दिवसाच्या मागंपुढं खाल्लं तर नाही. त्या झाडातला पदार्थ वेगळा काढला, नाव ठेवलं सायक्लोपामीन. कुणाला वाटलं असेल विषय संपला.

१९९६ ला उंदरातलं सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक बंद केलं, तर तसाच एकडोळ्या मेंदू निघाला. मेंदूचा उजवा-डावा भाग वेगळा करणारा निरोप हे जनुक पाठवतं, आणि सायक्लोपामीन तोच निरोप अडवतं. पुढं तोच निरोप अडवणारं औषध त्वचेच्या एका कॅन्सरवर २०१२ ला मान्य झालं. मेंढपाळाच्या तक्रारीपासून तिथवर.

आपल्या धनगरांनी, गवळ्यांनी अशा किती गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या असतील. त्यांना विचारायला कोण गेलं?

हुपरी_चांदी

शिंगराबद्दल पण काहीतरी ऐकलं होतं, दोरीनं आवळल्यावर बरं होतं म्हणे. खरं का?

शिरवळ_९४

खरं आहे, पण नीट समजून घ्या. काही शिंगरं जन्मल्यावर आई ओळखत नाहीत, भटकतात, पीत नाहीत. पोटात असताना बाळाला झोपेत ठेवणारे काही पदार्थ असतात. ते जन्मानंतरही उतरले नाहीत तर असं होतं, असा कॅलिफोर्नियातले पशुवैद्य जॉन मॅडिगन यांचा विचार. जन्ममार्गातून येताना पडतो तसा दाब दोरीनं वीस मिनिटं दिला की काही शिंगरं जागी झाल्यासारखी उठून आईला लुचतात. प्रत्येक आजारी शिंगरू दोरीनं बरं होत नाही. जंतुसंसर्ग झालेल्याला आवळत बसलात तर वेळ जाईल. डॉक्टर आधी.

कसबाबावड्याची_आत्या

एवढं वाचून छाती भरून आली. सगळे धागे छापून दादाला दिले. कोकराची गोष्ट त्यानं दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाला, "हे सगळं खरं, पण तिशीपर्यंत पोरगी काय खाणार?" ह्याचं कोण सांगणार?

आजरा_घनसाळ

दादांचा प्रश्न रास्त आहे, थेट सांगते.

इंटर्नशिपनंतर एमव्हीएससी, दोन वर्षं. विषय शरीररचना, शरीरक्रिया किंवा विकृतिशास्त्र. तिच्या ओढीला मी विकृतिशास्त्र सुचवेन, कारण बिघडलेला मेंदू तिथंच हातात येतो. कृषी संशोधन परिषदेच्या प्रवेश परीक्षेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतही जाता येतं. ही संस्था १८८९ ला सुरू झाली ती आपल्या पुण्यात. मग पीएचडी, चार-पाच वर्षं. फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं सुरुवातीला महिना ३७,००० आणि घरभाडं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागावे लागत नाहीत. त्यानंतरची वर्षं अवघड असतात. कायम जागा कमी, अर्ज खूप, मी स्वतः तीन वर्षं तात्पुरत्या कामावर काढली. हे लपवून तिला पाठवू नका.

मेंदूविकासावर आपल्याकडं चांगलं काम चालतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांनी गर्भाच्या मेंदूत कुठला भाग काय होणार हे कोण ठरवतं यावर काम केलंय, २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. चेन्नईत आयआयटी मद्रासनं गर्भातल्या मानवी मेंदूचे ५,१३२ काप चित्रित करून २०२४ ला सगळ्यांसाठी खुले केले. तिला म्हणावं आजच बघ. काही ठिकाणी पशुवैद्यक पदवीवर थेट पीएचडीला घेतात, काही ठिकाणी एमव्हीएससी लागते. प्रत्येक जाहिरात वाचायची.

आणि एक: पदवी हातात राहतेच. नोंदणीकृत पशुवैद्य उपाशी मरत नाही. मी पीएचडीच्या आधी आठ महिने गावात प्रॅक्टिस केली, त्या पैशांतून परीक्षांच्या फिया भरल्या.

गंगावेश_कट्टा

रेडकू काल रात्री गेलं. पीत होतं, पण छातीत कफ झाला. म्हशीनं रात्रभर हंबरडा फोडला.

आजरा ताई, तुम्ही विचारलं होतं. घरात विचारलं. मागच्या गणपतीच्या दरम्यान सगळ्या दावणीला जुलाब झाले होते, दोन दिवसांत बरे झाले म्हणून कुणी ध्यान दिलं न्हाई. हिशेब केला, तेव्हा ही म्हैस चौथ्या महिन्यात होती.

रेडकू अजून पोत्याखाली झाकून ठेवलंय. खड्ड्यात टाकायला हात होईना. कुणाला बघायचं असंल तर दुपारपर्यंत या.

शिरवळ_९४

टाकू नका. सावलीत ठेवा, शक्य तर भोवती बर्फ. मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करतो. आत्याबाई, पोरगी कुठं आहे?

कसबाबावड्याची_आत्या

घरीच. निघाली. दादा गाडीवरनं सोडतोय.

कागलची_पोर

नमस्कार. मी आत्याची भाची, आजच खातं उघडलं.

काल दुपारी गंगावेशीतल्या काकांकडं तालुक्याचे डॉक्टर, शिरवळ_९४ सर आणि मी होतो. मोजे, चष्मा, सगळं घालून कवटी उघडली. मोठा मेंदू आकारानं ठीक वाटला. लहान मेंदू फार लहान होता. फुलकोबीच्या जागी वाटाण्याएवढा गोळा, त्यावर घड्या जवळजवळ नाहीत. सरांनी फोटो घेतले, तारीख आणि म्हशीचा बिल्ला क्रमांक वहीत लिहिला. मेंदूचा अर्धा भाग विषाणूतपासणीला बर्फावर, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, दहापट द्रवात. आजरा ताई, किती दिवस ठेवायचा ते तुमचं वाचून ठेवलंय, जास्त ठेवणार नाही. नमुने आज कॉलेजात पोहोचले.

बाबा तिथंच उभे होते. येताना गाडीवर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, आपल्या गोठ्यात अशी किती झाली ते आईला विचार, तिला आठवत असेल. आजीनं चार सांगितली. एक माझ्या जन्माच्या वर्षी. लिहून घेतली.

आजरा_घनसाळ

वाटाण्याएवढा म्हणजे बाकी तपासण्यांत बीव्हीडी, म्हणजे गाईम्हशींना जुलाब लावणाऱ्या विषाणूचा शोध आधी घ्या. गाईम्हशीला गाभणपणाच्या मध्यावर तो झाला तर वाढत्या लहान मेंदूच्या पेशी मरतात. आईचंही रक्त घ्या. निकाल येईपर्यंत नाव पक्कं समजू नको, अजून कारणं असू शकतात. आणि आजीची वही चालू ठेव.

गंगावेश_कट्टा

पोरी, तुझं काम बघितलं. हात हलका हाय. मी धाग्यात वर जे बोललो ते निम्मं मागं घेतो, निम्मं न्हाई. डॉक्टर गावात पायजेतच.

आता एक सांगा. माझ्या अजून दोन म्हशी गाभण हायत, एक तिसऱ्यात, एक सातव्यात. त्यांचं काय करायचं?

कागलची_पोर

काका, दोघींचं आणि दावणीतल्या बाकी सगळ्यांचं रक्त घ्यायचं. कधीकधी एखादं जनावर दिसायला धडधाकट असतं, पण जन्मापासून विषाणू अंगात बाळगून सतत पसरवत राहतं. ते दावणीत आहे का हे आधी बघावं लागेल. तोवर नवीन जनावर आणू नका, आणि तिसऱ्या महिन्यातली म्हैस बाकीच्यांपासून वेगळी बांधा. तिचं वैरणपाणी आधी करा, मग इतरांचं. सातव्यातली व्यायला आली की मला किंवा तालुक्याच्या डॉक्टरांना कळवा. रेडकाला चीक पाजायच्या आधी त्याचं रक्त घ्यायचंय. म्हशीच्या वारेतून रेडकाला आईची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. म्हणजे चिकाआधीच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली तर ती त्याची स्वतःची, पोटातच आजार भेटल्याची खूण. रक्त घेतलं की लगेच चीक पाजायचा, उशीर करायचा नाही.

बाकीच्यांच्या रक्तासाठी शुक्रवारी येतो आम्ही. सकाळची धार झाली की.